शिव्या कशा पडल्या?

गाडी हलली तेव्हा माझे वडील फलाटावरून खिडकीबरोबर चालत होते आणि मोठमोठ्यानं ओरडत होते, "शिव्या पडल्या पाहिजेत गा, सदू! चांगल्या शिव्या पडल्या पाहिजेत!"

डब्यातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. समोर पुण्याकडचे एक कोट-टोपीवाले गृहस्थ बसले होते, त्यांनी आपलं बोचकं हळूच जवळ ओढलं. सख्खा बाप ज्याला असा आशीर्वाद देतो तो पोरगा काय गुणाचा असेल, असं त्यांच्या मनात आलं असणार. मी समजावून सांगायला हवं होतं, पण मलाच लाज वाटली. मी मुंबईला मोठा मूर्तिकार व्हायला निघालो होतो, अंगात नवा सदरा होता, आणि बाप हा असा ओरडत होता. मी हात हलवला आणि मान आत घेतली. मायनं दिलेली काटोलची संत्री मांडीवर होती, ती सोलत बसलो. गृहस्थांना एक दिलं, तेव्हा कुठं त्यांनी बोचकं सोडलं.

नागपूरच्या माणसाला यातलं काही सांगायला नको. पण माझ्यासारखे जे गाव सोडून आले, आणि ज्यांची पोरं आता नागपूर म्हटलं की फक्त संत्र्यांचं नाव घेतात, त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही धंद्यानं चितारी. घर चितारओळीत. बाबा मातीचे गणपती करायचे, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायचे, लग्नघराच्या भिंतीवर मोर-हत्ती काढायचे. आणि वर्षातून एकदा आमच्या गल्लीचा बडग्या करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा, आणि बडग्या म्हणजे तसाच पुरुषाचा. त्या वर्षी जी पिडा लोकांच्या मानगुटीवर बसली असेल, तिचं तोंड त्या बडग्याला द्यायचं. कधी प्लेग, कधी महागाई, एकदा तर नळाला पाणी न सोडणारा नळवाला. कामट्यांचा सांगाडा, त्यावर चिंध्या, कागद, माती. सकाळी गल्लीतून उचलायचा, वाटेनं पोटभर शिव्या द्यायच्या, चपला मारायच्या, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत नदीकाठी न्यायचा आणि जाळायचा. महिनाभराचं काम, संध्याकाळी राख.

या कामाचे बाबांचे दोन नियम होते. पहिला असा की बडग्याचं तोंड आधी कोणी पाहायचं नाही. घरच्यांनीसुद्धा नाही. परसात पोतं लावून त्याआड ते एकटे बसायचे, आणि झालं की तोंडावर फडकं टाकायचे. ते फडकं निघायचं थेट उचलायच्या वेळेला. "आधी पाहिलं का सवय होते," ते म्हणायचे, "आन् सवय झालेल्या तोंडाले शिवी निघत नाही." दुसरा नियम असा की करणाऱ्यानं मिरवणुकीत जायचं नाही. त्यानं आंघोळ करून ओट्यावर बसायचं. दिवसभर ते ओट्यावर बसून राहायचे आणि संध्याकाळी लोक परतायला लागले की जो पहिला दिसेल त्याला विचारायचे, "शिव्या कशा पडल्या गा?"

लोकांचे आवाज बसलेले असले की बाबा खूश. "ठीक पडल्या" असं कोणी म्हटलं की जेवण जायचं नाही त्यांना. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, की गणपती नेल्यावर कधी असं काहून विचारत नाही? तर म्हणाले, "गणपतीले नमस्कार पडतेच. दगड ठेवून शेंदूर फासला तरी पडते. तो नमस्कार त्याचा होय, माहा नाही. शिवी मात्र कमवा लागते."

त्यांनी फलाटावर ओरडून सांगितलं ते हेच. मला तेव्हाही कळत होतं. पण मला शिव्या नको होत्या, मला नमस्कार हवे होते.

झालं होतं असं, की नागपुरातच सदर भागातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर रंगकामाला गेलो असता मी त्याच्या खानसाम्याचं मातीचं डोकं करून ठेवलं. साहेबानं ते पाहिलं आणि मुंबईतल्या एका नामी मूर्तिकाराकडे माझी शिफारस केली. त्यांना सगळे मास्तर म्हणत, मीही मास्तरच म्हणायला लागलो. गिरगावात त्यांचा स्टुडिओ होता. तिथं मी प्लास्टर कालवायला शिकलो, साचा काढायला शिकलो, ब्राँझ ओतताना दूर उभं राहायला शिकलो. 'मले'चं 'मला' झालं. 'काहून' म्हटलं की बाकीचे हसायचे, म्हणून तेही गिळलं. गावाची एवढी एक गोष्ट गिळली की पुढच्या आपोआप जातात, त्याला फार कष्ट पडत नाहीत.

काम मिळत गेलं. शेठ लोकांचे अर्धपुतळे, जज्जांचे, साहेबांचे. बहुतेक शेठ मेल्यावरच पुतळा व्हायचे, त्यामुळे घरच्यांनी सांगायचं आणि मी ऐकून करायचं: नाक जरा बसकं होतं, डावी भुवई वर असायची, हसताना गाल असा व्हायचा. एखादा पुसट फोटो असला तर असला. ऐकून तोंड करण्यात माझा हात बसला. मास्तर गेल्यावर ऑर्डरी माझ्या नावानं यायला लागल्या. मग पुतळ्याच्या बैठकीवर माझं नाव कोरायला लागले, खाली उजवीकडे, इंग्रजीत. एका प्रदर्शनात पदक मिळालं. ते तांदळाच्या डब्यात ठेवलं, कारण खोलीत दुसरी जागा नव्हती.

आणि दरवेळी तोच प्रकार. फडक्याची दोरी ओढायची, टाळ्या वाजायच्या, हार पडायचा, आणि कोणीतरी म्हणायचा, "हुबेहूब!" एवढा एकच शब्द. मग चहा. मग कोणीतरी बाजूला घेऊन विचारायचा की हा केवढ्याला पडला. मी सांगायचो. सुरुवातीला दोन दिवस छाती फुगलेली राहायची. मग एक दिवस. मग चहा संपेपर्यंत. मग एकदा लक्षात आलं, की दोरी ओढताना मी समोरच्या माणसाच्या जोड्यांकडे बघतो आहे आणि मला काहीच वाटत नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की सकाळी हात जसा आपला वाटत नाही, तसं सगळंच आपलं वाटेनासं झालं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर निदान वैद्याकडे गेलो असतो.

सगळ्यात मोठी ऑर्डर एका बड्या साहेबाची आली. पूर्ण पुतळा, ब्राँझचा, चौकात उभा राहणार. साहेब स्वतः माझ्यासमोर नमुना म्हणून बसायला यायचा. माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. पंखेवाला जरा मंदावला की फक्त त्याच्याकडे बघायचा, आणि त्या वेळी त्याचा वरचा ओठ एका बाजूनं किंचित उचलला जायचा, दाराशी मेलेला उंदीर पडलेला दिसावा तसा. तो ओठ मी घेतला. का घेतला, सांगता येणार नाही. इतर ठिकाणी मी असलं गुळगुळीत करून टाकत असे. या वेळी राहू दिलं. पडदा निघाला, बँड वाजला, ओठ कोणाच्या लक्षात आला नाही. साहेब म्हणाला, छान. लोक म्हणाले, हुबेहूब.

त्याच आठवड्यात महादेवाची तार आली, बाबा गेले म्हणून. महादेव माझा धाकटा भाऊ. हे मी लिहितो आहे ते इतरांनी वाचलं तर वाचोत, पण सांगतो आहे तुलाच, महादेवा. तुला यातलं अर्धं ठाऊक आहे. अर्धं नाही.

मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अग्नी तू दिलास. गल्लीत एका घराआड एका घरात ताप होता, त्याच तापानं बाबांना नेलं होतं. मी ओट्यावर बसलो, लोक येऊन बसले, बाया रडल्या. माझ्या डोळ्याला पाणी आलं नाही. लोकांना वाटलं, मोठा मुलगा आहे, धीर धरून आहे. धीर कसला डोंबलाचा! आत काही नव्हतंच. मी परसात गेलो तर बाबांचं पोतं दोरीवर तसंच होतं, ते मी बराच वेळ बघत होतो, आणि विचार काय करत होतो, तर परतीच्या गाडीचा.

तेरवी झाली आणि कोंडबाजी आले. हे आमच्या शेजारचे लोहार. गल्लीचा बडग्या उचलायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे, डफही तेच वाजवायचे. म्हणाले, "सदूभाऊ, तुह्या बाबाचा हात तं गेला. आता बडग्या कोण करन? यंदा पाहिजेच गा. पोट्टे तापून राहिले घराघरात."

तू म्हणालास, "सांगाडा मी बांधतो, दादा. पण तोंड माह्याच्यानं होत नाही."

मी म्हटलं, घरात दुःख आहे, वर्षभर सण करायचा नसतो. मनातून मला मुंबई गाठायची होती. तेव्हा माय आतून म्हणाली, "हा सण थोडीच होय, बाबू? घरातली घाण बाहेर टाकाले सुतक लागते का?"

मी पोत्याआड बसलो. यंदाचा बडग्या तापाचा, हे कोणी सांगायला नको होतं. पण तापाला तोंड कसलं? बाबा असते तर त्यांनी चार फटकाऱ्यांत सुळे आणि लाल जीभ काढली असती. माझा हात तसा चालेना. मला समोर काहीतरी लागतं, निदान कोणी सांगायला लागतं. म्हणून तू पोत्याच्या पलीकडे कामट्या तासत होतास तेव्हा मी इकडून विचारलं, "म्हाद्या, ताप दिसते कसा गा?"

कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून तसं निघालं होतं. तू कामट्या तासायचा थांबलास. मग हळूहळू सांगायला लागलास. डोळे आत जातात, पण उघडेच राहतात. गालफडं बसतात. खालचा ओठ सुटतो, त्यात पाणी ठरत नाही. मान डावीकडे पडते, सरळ केली तरी पडते. कपाळावरची शीर अशी उठते. तू सांगत गेलास, मी करत गेलो. मी म्हटलं, मिशी? तू म्हणालास, "मिशी नको, दादा. वैद्यानं काढली होती, औषध पाजाले अडचण होत होती."

एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शेठच्या घरची माणसं जशी सांगायची तसं तू सांगत होतास, आणि मी जसा त्यांचं ऐकायचो तसा ऐकत होतो. काम चांगलं होत होतं. अनेक दिवसांत पहिल्यांदाच हात उबदार झाला होता. शेवटचा रंग दिला, फडकं टाकलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली जमली. कोंडबाजींनी डफ तापवला. हातात चपला, फुटके सूप, खराटे घेऊन माणसं उभी होती. आजारी लेकरं कडेवर घेऊन बायासुद्धा दारात आल्या होत्या, कारण बडग्या दारावरून गेला की त्याच्यावरून लिंबू ओवाळून टाकतात. मी ओट्याच्या पायरीवर आणि माय माझ्यामागे चौकटीत. तू फडकं ओढलंस.

डफ दोनदा वाजला आणि थांबला.

मला पहिल्यांदा वाटलं, लोक घाबरले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग कोंडबाजींनी डोक्याची पगडी काढली. मागे कोणीतरी हात जोडले. एका बाईनं लेकराचं तोंड पदरात घेतलं. खालून चपला ठेवल्याचा आवाज आला, एक, मग दुसरी.

तू माझ्याकडे वळून म्हणालास, "दादा, हे काय केलं गा?"

"काहून? काय झालं?"

"हे तं बाबा होय."

मी बघितलं. मला बाबा दिसले नाहीत. माझे बाबा म्हणजे भरल्या गालांचे, पानानं लाल तोंडाचे, झुबकेदार मिशीचे. हा कोणी तरी खंगलेला, ओठ सुटलेला म्हातारा. पण गल्लीतल्या माणसांनी पाळीपाळीनं त्यांच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. शेवटचं तोंड त्यांनी पाहिलं होतं. मी तेवढा एक राहिलो होतो, आणि ते तोंड माझ्याच हातानं झालं होतं. हुबेहूब.

कोंडबाजी म्हणाले, "आता याले शिव्या कोण देईन? याच्या तोंडावर चप्पल मारन असा कोण आहे इथं?"

कोणी म्हणालं, तोंड फोडून टाका आणि नुसता सांगाडा न्या. पण फोडायला कोणी पुढे होईना. कोणी म्हणालं, यंदा राहू द्या. त्यावर लेकरू कडेवर घेतलेली एक बाई रडायला लागली, "राहू द्या म्हंता, अन् माह्या घरातला ताप कोण नेईन?" तिचं खरं होतं. दुसऱ्या गल्ल्यांचे बडगे महाल भागातून निघाले होते, त्यांचे ढोल ऐकू यायला लागले होते, आणि आमचा तिथंच उभा.

मी उठलो. ओलं फडकं घेतलं. म्हटलं, रंगाखालची माती अजून ओली आहे, पुसून टाकतो आणि दात काढून देतो. मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे लिहून ठेवायला हवं. शेठचं नाक पसंत पडलं नाही तर मी असंच पुसत असे.

"हात लावू नको, बाबू," माय म्हणाली.

ती ओट्यावरून उतरली. तेरवीनंतर पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आली होती. लोकांनी वाट दिली. ती बडग्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्या तोंडाकडे वर बघत राहिली. आम्हाला वाटलं, आता ही कोसळते. कोंडबाजींच्या बायकोनं तर धरायला हातही पुढे केला.

"मेल्या," माय म्हणाली. आवाज अगदी साधा. "माह्या घरात तुले बोलावलं कोणी होतं?"

कोंडबाजींच्या बायकोनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"पाणी पाजो तं ओकाले लावे. झोपू देईना, बसू देईना. मुडद्या, माह्या माणसाची मिशी काढाले लावली तू! पाह्य त्याचं तोंड कसं करून टाकलं! पाह्य!" तिचा आवाज चढत गेला. ती वळून लोकांकडे बघत ओरडली, "हे त्याचं तोंड होय का वं? तुमी पाह्यलं नाही का त्याचं तोंड? असं होतं का ते? हे त्याचं नाही. हे यानं केलेलं होय, या चांडाळानं! मरताना माह्या माणसाले स्वतःचं तोंड बी ठेवू नाही देलं याने! आग लागो तुह्या थोबाडाले! जळून जाशील! निघ माह्या दारातून! निघ!"

आणि तिनं खाली वाकून कोणाची तरी चप्पल उचलली आणि मारली. नेम चुकला, बडग्याच्या खांद्याला लागली. पण तेवढ्यानं झालं. ती लेकराची बाई किंचाळली, तिच्यामागे दुसरी, मग कोंडबाजी, मग सगळी गल्ली. मी नागपुरात जन्मलो, पण तशा शिव्या कधी ऐकल्या नव्हत्या. गंमतीच्या नव्हत्याच त्या. प्रत्येकजण आपापल्या घरातल्या माणसाचं नाव घेत होता. डफ पुन्हा वाजला, बडग्या उचलला गेला, आणि सगळा आरडाओरडा वळण घेऊन इतवारीकडे निघून गेला. तूही गेलास. गल्लीत मी आणि माय राहिलो.

मी आंघोळ केली, ओट्यावर बाबांच्या जागी बसलो. माय शेजारी बसली. तिनं मधेच उठून मला भाकर आणून दिली, ती खाल्ली. तुला वाटेल, आईचं ते सगळं ऐकून माझ्या आतला बांध फुटला असेल. नाही फुटला. मी इतकंच बघत होतो की तिचे हात गुडघ्यावर मोकळे पडलेले होते. मी आल्यापासून तिची मूठ वळलेली होती, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तोंडं करणारा माणूस, मला हात कशाला दिसतील.

दिवेलागणीला तू परत आलास. विचारायची पाळी माझी होती. मी नुसता सरकून तुला जागा करून दिली. तेव्हा मायनंच विचारलं, अगदी बाबांच्या चालीवर.

"म्हाद्या, शिव्या कशा पडल्या गा?"

तू तोंड उघडलंस, पण आवाज नव्हता. घसा पार बसला होता. तू गळ्याकडे बोट दाखवलंस, आणि हसायला लागलास, आणि हसता हसता ओट्याच्या पायरीवर बसून रडलास. माय माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं, बाबू. झालं तुहं काम."

आजवर माझ्या कामाबद्दल हारांसकट बरंच काही बोललं गेलं. हे एवढं एक वाक्य मला पाठ आहे.

मग मी मुंबईला आलो. कोणाला वाटेल की त्यानंतर मी शेठ-साहेबांचं काम सोडून गावी परतलो असेन. तसलं काही नाही. भाडं असतं, ऑर्डर असते, अंगवळणी पडलेली सकाळ असते. मी पुतळे करतच राहिलो, दोऱ्या ओढल्या जातच राहिल्या. फरक एवढाच, की टाळ्या थांबल्यावर मी गर्दीत उगाच कोणाला तरी शोधायचो. ओट्यावरून कोणी विचारेल म्हणून. इथं चाळीला ओटाच नाही, गॅलरी आहे. आणि मग माय गेली. ती विचारणारी होती तोवर आपलं कुठं तरी घर आहे असं वाटायचं. घर तू चांगलं ठेवलं आहेस, कौलं नवी घातलीस, मी आलो तेव्हा बघितलं. पण मी दोन दिवस राहिलो आणि पाहुण्यासारखा निघालो, तुझ्याही ते ध्यानात आलं असेल.

आता जे सांगायचं ते ऐक.

गेल्या काही दिवसांत इथं फार धामधूम आहे. मिरवणुका, लाठ्या, धरपकड. परवा सकाळी एका कचेरीचा शिपाई बोलवायला आला, म्हणून टर्पेंटाईनचा डबा आणि चिंध्या घेऊन चौकात गेलो. माझ्या त्या मोठ्या साहेबाच्या तोंडावर रात्री कोणी तरी डांबर ओतलं होतं. पार कपाळापासून छातीपर्यंत. दोन पोलीस उभे होते, गर्दी लांबून बघत होती. मी शिडी लावायच्या तयारीत होतो. तेवढ्यात एक भाजीवाली आली, डोक्यावर पाटी. पोलिसांना न जुमानता ती थेट पुतळ्यासमोर थांबली. तिचा मुलगा आत होता, हे पुढं तिच्याच बोलण्यातून कळलं.

आणि ती सुरू झाली. आधी मला वाटलं, सरकारला देते आहे. नाही. ती त्या तोंडाला देत होती. डांबर ओघळलं होतं तरी वरचा ओठ तेवढा उघडा राहिला होता. "बघ, बघ कसा ओठ उचलतोय माजोरडा!" ती म्हणाली. "माझा पोर पाया पडला तेव्हाही तुझ्या माणसानं अस्साच ओठ उचलला होता. अस्साच! तुझा तो ओठ झडून पडो, मेल्या!" आणि ती पायरीवर चढली, टाचा उंचावल्या, आणि थुंकली. पोहोचली नाही. पोलिसानं तिला खाली ओढलं. पाटीतली वांगी चौकभर झाली. लोकांनी ती वेचून दिली, आणि वेचता वेचता तेही वर बघून बोलायला लागले.

मी डबा हातात धरून उभा होतो. त्या ओठासाठी मला कोणी पदक दिलं नव्हतं. तो ओठ आहे हेसुद्धा इतकी वर्षं कोणाला दिसलं नव्हतं. खाली माझं नाव आहे, ते त्या बाईनं वाचलं नाही, तिला वाचता येत असेल असंही वाटत नाही. आणि माझ्या हाताला, त्याच बधिर हाताला, मुंग्या आल्या. खरोखरच्या मुंग्या, महादेवा. दुखलं. डबा खाली ठेवावा लागला.

कचेरीतल्या माणसानं विचारलं, निघेल का हे? म्हटलं, निघेल, पण टाइम लागेल. फार टाइम लागेल.

घरी आलो. शेजारी विचारायला लागले, पुतळ्याचं फार नुकसान झालं का, किती वाईट झालं म्हणून. मी हो हो म्हटलं. यांना काय सांगणार? इथं हे कोणाला सांगितलं तर त्या पुण्याच्या गृहस्थासारखं बोचकं जवळ ओढतील. हे कळणारं घर जगात एकच आहे, आणि त्या घराच्या ओट्यावर आता तू बसतोस.

म्हणून तुले सांगून राहिलो. संध्याकाळी दिवा लावला का ओट्यावर ये, बाबाच्या जागेकडं तोंड कर, आन् मोठ्यानं सांग. गल्लीले ऐकू गेलं तरी जाऊ दे. म्हण, दादाच्या कामाले शिव्या पडल्या. चांगल्या पडल्या.